मैदानाचे दार आधी न्यायालयात उघडते

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगो येथे २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला देण्यात आले. तारीख लक्षात घ्यावी. तो संविधान दिन होता. तेव्हापासून देशात चर्चा चालू आहे ती स्टेडियमची, रस्त्यांची, हॉटेलांची आणि पदकांच्या संख्येची. ही पदके जिंकणारी मुले कोणत्या घरातून येणार, कोणत्या महाविद्यालयात शिकणार आणि खेळण्याचे वय संपल्यावर त्यांच्या हातात काय उरणार, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. बीडसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हा लोकांना तो विचारणे भाग आहे.

हा प्रश्न काढला की एक ठरलेले उत्तर मिळते. खेळात जात नसते, तिथे फक्त गुणवत्ता चालते! हे वाक्य आम्ही बार रूममध्ये ऐकले, महाविद्यालयांच्या बक्षीस समारंभात ऐकले, पुढाऱ्यांच्या भाषणातही ऐकले. पण इतिहास काय सांगतो? पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले थोर गोलंदाज. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघातर्फे त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. मुंबईच्या जातवार-धर्मवार सामन्यांत हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण त्या संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत दिले गेले नाही. ते मिळाले त्यांचे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली, तेही मोठ्या वादानंतर. म्हणजे चेंडू टाकणारा हात चालत होता, त्या हाताने आज्ञा दिलेली चालत नव्हती. गुणवत्तेला प्रवेश आणि माणसाला मज्जाव, ही ती पद्धत.

हीच पद्धत अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांच्या भेदातून उभी राहिली होती. तिथल्या एका लहान विद्यापीठाने ती मैदानावर मोडली आणि पुढे दोनच वर्षांत तीच पद्धत वेगळ्या रूपाने स्वतः पाळली. त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास मराठवाड्यातल्या प्रत्येक प्राचार्याने, क्रीडा शिक्षकाने आणि अधिसभा सदस्याने वाचावा असा आहे.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तयार केला. हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे एवढाच हेतू होता. अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद जागा, दोन टोकांना दहा फूट उंचीवर कड्या, एक चेंडू आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू. एवढ्यावर हा खेळ होतो. म्हणून अमेरिकेत तो गरीब वस्त्यांचा खेळ झाला. आपल्याकडेही तो बड्यांचाच आहे असे समजू नये. मुंबईच्या नागपाड्यातल्या कष्टकरी, बहुसंख्य मुस्लिम वस्तीने या खेळाला भारतीय संघाचे खेळाडू दिले. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर त्याच मातीतले.

आता त्या विद्यापीठाकडे वळू. टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला चिकटून एल पासो हे शहर आहे. कोरडा, उन्हाने भाजलेला, राजधानीपासून दूरचा मुलूख. बीडच्या माणसाला तो परका वाटू नये. तिथे १९१४ साली खाणकाम शिकवणारी एक सरकारी संस्था निघाली. पुढे १९४९ साली ती टेक्सास वेस्टर्न कॉलेज झाली आणि १९६७ पासून तिचे नाव एल पासो येथील टेक्सास विद्यापीठ असे आहे. टेक्सास हे गुलामगिरी टिकावी म्हणून यादवी युद्धात उतरलेल्या दक्षिणी राज्यांपैकी एक. तिथे शाळा वेगळ्या, बस वेगळी, पाण्याचा नळसुद्धा वेगळा.

१९५४ साली एल पासोतल्या कृष्णवर्णीयांच्या डग्लस शाळेतून थेल्मा व्हाइट ही मुलगी पहिली आली. तिने आपल्याच गावातल्या या कॉलेजात प्रवेश मागितला. तो कातडीच्या रंगावरून नाकारला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. थेल्मा न्यायालयात गेली. १९५५ साली संघीय न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला आणि त्याच वर्षी बारा कृष्णवर्णीय विद्यार्थी त्या कॉलेजात दाखल झाले. थेल्मा मात्र त्यात नव्हती. तोपर्यंत तिने शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात शिक्षण सुरू केले होते आणि ती तिथेच राहिली. दावा तिचा, प्रवेश इतरांचा! महाडचा सत्याग्रह १९२७ चा आणि चवदार तळ्याच्या दाव्याचा उच्च न्यायालयातला निकाल १९३७ चा, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. हक्क मिळवणारी पिढी एक असते आणि उपभोगणारी दुसरी असते.

दार उघडल्यानंतर वर्षभरातच, १९५६ साली, चार्ली ब्राऊन हा कृष्णवर्णीय खेळाडू या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आला. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या मोठ्या कॉलेजांत असे घडल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. म्हणजे क्रम असा आहे. आधी दावा, मग प्रवेश, मग खेळ. खेळाने भेद मोडला असे जे सांगितले जाते ते अर्धसत्य आहे. भेद आधी न्यायालयात मोडला, खेळाने नंतर त्याचे फळ दाखवले.

१९६१ साली डॉन हॅस्किन्स हे प्रशिक्षक म्हणून आले आणि १९९९ पर्यंत म्हणजे ३८ हंगाम तिथेच राहिले. ७१९ सामने त्यांनी जिंकले. ते कोणी समाजसुधारक नव्हते, त्यांना जिंकायचे होते. मोठी विद्यापीठे ज्या मुलांकडे पाहत नव्हती ती मुले त्यांनी न्यूयॉर्क, डेट्रॉईट, गॅरी, ह्यूस्टन येथून आणली. शिष्यवृत्ती दिली, वसतिगृह दिले, जेवण दिले आणि घाम गाळायला लावला. त्या काळात इतर अनेक संघांतही मोजके कृष्णवर्णीय खेळाडू असत, पण एकाच वेळी किती जणांना मैदानात उतरवायचे याचा अलिखित नियम होता. घरच्या मैदानावर दोन, परगावी तीन, हरू लागलो तर चार, असे उघड बोलले जाई. आपल्याकडे राखीव जागांवरून गळा काढणाऱ्यांनी हे वाचावे. संविधानातले आरक्षण वंचितांना किमान वाट्याची हमी देते. हा अलिखित कोटा मात्र कमालीची मर्यादा घालणारा होता, आणि त्याविरुद्ध गुणवत्तावाल्यांपैकी किती जण बोलले?

हॅस्किन्स यांनी तो नियम मोडला. १९६५-६६ च्या हंगामात हा संघ २८ सामने जिंकला आणि फक्त एक हरला. १९ मार्च १९६६ रोजी मेरीलँड राज्यात राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. समोर होते केंटकी विद्यापीठ. प्रशिक्षक ॲडॉल्फ रप यांच्या नावावर तोवर चार राष्ट्रीय अजिंक्यपदे होती आणि त्यांचा संपूर्ण संघ गोरा होता. टेक्सास वेस्टर्नने सुरुवातीलाच पाच कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले. बॉबी जो हिल, डेव्हिड लॅटिन, ऑर्स्टन आर्टिस, विली वर्स्ली आणि हॅरी फ्लर्नॉय. बदली म्हणून आलेले नेव्हिल शेड आणि विली केगर हेही कृष्णवर्णीयच. राष्ट्रीय अंतिम सामन्यात असे पूर्वी कधी घडले नव्हते. सामना ७२ विरुद्ध ६५ असा टेक्सास वेस्टर्नने जिंकला.

आकडे पुरावा म्हणून पाहावेत. खेळ चालू असताना केंटकीने २७ वेळा चेंडू कडीतून टाकला, टेक्सास वेस्टर्नने २२ वेळा. म्हणजे तिथे केंटकी पुढे होते. मग सामना फिरला कुठे? नियमभंग झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीत. टेक्सास वेस्टर्नने अशा ३४ फेकींपैकी २८ यशस्वी केल्या. केंटकीला १३ मिळाल्या, त्यांतल्या ११ साधल्या. मोकळी फेक उंच उडीवर किंवा दांडगाईवर होत नाही. हजारो लोक ओरडत असताना एकट्याने उभे राहून, श्वास आवरून, हात स्थिर ठेवून ती करावी लागते. त्या काळचा लाडका सिद्धांत काय होता? कृष्णवर्णीय मुले उड्या मारू शकतात, पण त्यांच्याकडे शिस्त नसते, डोके नसते, दडपणाखाली ती कोसळतात. त्या रात्री नेमकी शिस्त जिंकली. बॉबी जो हिलने केंटकीच्या खेळाडूंच्या हातातून लागोपाठ दोनदा चेंडू काढून नेला आणि गुण मिळवले. ते निव्वळ बुद्धीचे काम होते.

परिणाम दूरवर झाला. दक्षिणेतल्या विद्यापीठांना कळून चुकले की भेद पाळायचा तर हरावे लागेल. १९६९ साली खुद्द केंटकीने आपल्या पहिल्या कृष्णवर्णीय बास्केटबॉल खेळाडूला करारबद्ध केले. मधल्या काळात, १९६७ साली, कॉलेज बास्केटबॉलमध्ये उडी मारून चेंडू वरून कडीत कोंबण्यावर बंदी आली आणि ती १९७६ पर्यंत टिकली. कारणे काहीही सांगितली गेली असोत, ज्या कौशल्यात ही मुले वरचढ होती तेच कौशल्य नियमबाह्य झाले, एवढे खरे. २००६ साली या संघावर हॉलिवूडने चित्रपट काढला आणि २००७ साली संपूर्ण संघाला बास्केटबॉलच्या सन्मान दालनात स्थान मिळाले.

गौरवगाथा सहसा इथे संपते. आम्हाला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. अजिंक्यपदानंतर दोनच वर्षांनी, १९६८ साली, अमेरिकेतल्या एका आघाडीच्या क्रीडा साप्ताहिकाने कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्थितीवर लेखमाला छापली. तिच्यात याच विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या व्यथा होत्या. मैदानावर टाळ्या, बाहेर अपमान. खेळण्याची मुदत संपली की विचारपूस बंद. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या ॲथलेटिक्स संघातले बॉब बीमन आणि त्यांचे सहकारी यांनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध उतरण्यास नकार दिला, कारण ते विद्यापीठ चालवणारा पंथ कृष्णवर्णीयांना धर्मोपदेशकपद देत नव्हता. विवेकाने केलेल्या या नकाराबद्दल त्यांना संघातून काढण्यात आले. ऑक्टोबरमध्ये त्याच बीमन यांनी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ८.९० मीटर लांब उडी मारली आणि जगाने तोंडात बोट घातले. तो विक्रम २३ वर्षे टिकला. उडी चालते, नकार चालत नाही! पळवणकर बाळूंची गोलंदाजी चालली आणि कर्णधारपद चालले नाही, त्याचीच ही दुसरी आवृत्ती.

याच्या उलट एक उदाहरण आहे. पेरी वॉलेस हे व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे खेळाडू. दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या साखळीत १९६७ साली मुख्य संघातर्फे खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू. प्रेक्षकांच्या शिव्या खात ते खेळले, पण अभियांत्रिकीची पदवी हातात घेऊन बाहेर पडले. पुढे कोलंबिया विद्यापीठातून, म्हणजे बाबासाहेब जिथे शिकले तिथूनच, त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि ते कायद्याचे प्राध्यापक झाले. खेळाने त्यांना विद्यापीठात आणले आणि शिक्षणाने त्यांना उभे केले. दोन्ही मिळाले तरच तो क्रीडा कार्यक्रम. एकच मिळाले तर ती बिनपगारी मजुरी.

दार एकदा उघडले की कायमचे उघडे राहते असेही नाही. २०२३ साली टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा करून १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता व समावेशनाची कार्यालये बंद पाडली. त्याच साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी घातली. संघात कृष्णवर्णीय हवेत, प्रवेशाच्या धोरणात नकोत, असा हा न्याय आहे.

आता आपल्या घरात पाहू. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर झालेली जाळपोळ आणि सोळा वर्षांचा लढा यांतून १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव लागले. बीड जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. नावासाठी माणसे मेली. त्या नावाला साजेसे मैदान किती महाविद्यालयांत आहे?

बीड जिल्ह्याने जगाला दाखवलेला सर्वांत मोठा खेळाडू म्हणजे अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्यांचे गाव. तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत २८ अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. या शर्यतीत त्यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते अवघ्या पाच शतांश सेकंदाने. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा क्रमांक, त्याच वर्षी ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, २०२५ मध्ये गुमीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पुन्हा सुवर्ण. हा माणूस कोणत्या विद्यापीठाने घडवला? कोणत्याही नाही. बारावीनंतर ते सैन्यात गेले, ५ महार बटालियनमध्ये. ज्या महार रेजिमेंटची १९४१ साली झालेली उभारणी बाबासाहेबांच्या पाठपुराव्याशी जोडलेली आहे, तीच ही रेजिमेंट. सियाचीनला राहिले, राजस्थानात राहिले, नंतर सैन्याच्या क्रॉस कंट्री संघात आले. अडथळ्यांच्या शर्यतीकडे ते वळले २०१७ च्या सुमारास आणि राष्ट्रीय विक्रम मोडला २०१८ मध्ये. म्हणजे भरतीनंतर चार-पाच वर्षांनी.

ही चार-पाच वर्षे नीट मोजावीत. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना आणली. तिच्यात भरती होणारा जवान चार वर्षांसाठी असतो आणि जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होतात. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६-२७ च्या सुमारास संपतात. पदके जिंकून आलेल्यांसाठी सैन्यात खेळाडू म्हणून थेट भरती आहे, हे खरे. पण साबळे पदक घेऊन सैन्यात गेले नव्हते. सैन्यात गेल्यावर, रमतगमत, वर्षांमागून वर्षे घालवून त्यांच्यातला धावपटू सापडला. आजच्या नियमात त्यांच्यासारखा मुलगा पहिला अडथळा ओलांडायच्या आधीच बहुधा घरी परतला असता. बीडच्या मुलाकडे वर जाण्याची एक शिडी होती, तिच्या वरच्या पायऱ्या काढून घेतल्या गेल्या आहेत. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे साबळे यांच्या गुडघ्याला दुखापत झाली तेव्हा त्यांच्या पाठीशी नोकरी होती. चार वर्षांच्या जवानाच्या पाठीशी काय असेल?

आज पहाटे पाच वाजता आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहा. शेकडो मुले-मुली धावताना दिसतील. ती पोलीस भरतीच्या आणि सैन्य भरतीच्या गुणांसाठी धावतात. विद्यापीठासाठी धावणारा त्यात क्वचितच सापडेल, कारण विद्यापीठाकडून काही मिळेल अशी अपेक्षाच उरलेली नाही. बहुतेक ठिकाणी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते, संघ निवडला जातो, थोड्या दिवसांचे शिबिर लागते, संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि हरून परत येतो. वर्षभराचा प्रशिक्षक नाही, पोटभर खुराक नाही, परीक्षा बुडाली तर वाली नाही. त्यातही या स्पर्धा बहुतांशी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात असतात. नेमका तोच उसाचा हंगाम! कोयता घेऊन आई-बापाबरोबर फडात गेलेले पोर निवड चाचणीला कसे येणार? मूळची बीड जिल्ह्यातलीच प्रियंका इंगळे जानेवारी २०२५ मध्ये खो-खोच्या विश्वचषकात भारतीय महिला संघाची विजयी कर्णधार ठरली, पण ती घडली पिंपरी-चिंचवड परिसरात. आमची मुले जिल्ह्याबाहेर गेली की घडतात, यातच सारे आले.

आणि जो थोडा लाभ आहे त्याचे काय होते? राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी बोगस क्रीडा प्रमाणपत्रे काढणाऱ्यांची प्रकरणे मराठवाड्यातही गाजली. खरा खेळाडू रस्त्यावर धावत राहतो आणि ज्याने कधी मैदान पाहिले नाही तो प्रमाणपत्र घेऊन नोकरीत जातो.

तेव्हा मागणी नेमकी असली पाहिजे. एल पासोचा अनुभव दोन गोष्टी शिकवतो. मोठी विद्यापीठे ज्यांना नाकारतात त्यांना शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि चांगला प्रशिक्षक दिला तर आडबाजूचे कॉलेजसुद्धा देशात पहिले येते. आणि त्यांना पदवी व सन्मान दिला नाही तर ते यश लाजिरवाणे ठरते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद आहे. आमच्या अधिसभा सदस्यांनी त्या मंडळाला विचारावे की अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त आणि ऊसतोड कामगारांच्या किती मुलांना खेळासाठी वसतिगृह व भोजन मिळते. निवड चाचण्या ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी घेता येतील काय. स्पर्धेमुळे बुडालेल्या परीक्षेची सोय प्रत्यक्षात होते काय. आणि विद्यापीठाच्या संघात खेळलेल्या किती जणांनी पदवी पूर्ण केली. विद्यार्थ्यांनी २००५ च्या माहितीच्या अधिकारात आपल्या महाविद्यालयाने किती क्रीडा शुल्क गोळा केले आणि कशावर खर्च केले याचा हिशेब मागावा. अर्ज साध्या कागदावर होतो, त्याला वकील लागत नाही. संविधानाचे कलम १५(४) आणि कलम ४६ हे शैक्षणिक प्रगतीबद्दल बोलतात, आणि महाविद्यालयाचे मैदान हा शिक्षणाचाच भाग आहे.

अठ्ठावीस मीटर गुणिले पंधरा मीटर, एवढी जागा कोणत्याही महाविद्यालयाकडे निघते. आपल्या अनेक महाविद्यालयांत ती जागा आज वाहनतळ म्हणून वापरली जाते. २०३० ला फार वेळ उरलेला नाही. ही स्पर्धा आली आणि गेली तरी आपली मुले भरतीच्याच रस्त्यावर धावत असतील, तर दोष त्यांच्या पायांना देता येणार नाही. थेल्मा व्हाइटने अर्ज केला तेव्हा तिला बास्केटबॉलशी काही कर्तव्य नव्हते. तिने फक्त आत येण्याचा हक्क मागितला आणि बारा वर्षांत ते कॉलेज देशात अजिंक्य ठरले. आपणही पहिला अर्ज करू या.